बसलेला माणूस

सन दोन हजार तेवीस. मी बहात्तर वर्षांचा. सायखेड्याहून नाशिकला जाणाऱ्या एस.टी.त शेजारचा गोसावीबुवा सीटवर मांडी घालून बसलेला, नि त्याचा गुडघा माझ्या बरगडीत.

"बुवा, पाय खाली सोड."

"गोसाव्याचा पाय लोंबकळत नाय, रंग्या."

हा माणूस न्हाव्याच्या खुर्चीतसुद्धा मांडी घालतो. डॉक्टर म्हणाले आडवं व्हा, तर हा म्हणतो बसूनच तपासा. आम्ही पोरं गोदेत डुंबायचो तेव्हाही हा काठावर मांडी घालून आमचे कपडे सांभाळायचा. गोसाव्याला जाळत नाहीत, मांडी घालून जमिनीत बसवतात. तीच त्याची समाधी. बुवा म्हणतो, सवय आधीपासून पाहिजे.

गावात गोसाव्याचं घर एकच. बापाची समाधी पुरात वाहून गेली. आजा सिंहस्थाला गेला तो नाशकातच वारला, साधूंनी चिंचेखाली बसवला, एवढं बापानं सांगितलेलं. ती चिंच शोधायला ही खेप.

"इतक्या वर्षांनी सापडंल का रे?"

"आजा बसलेला हाय. उठून कुठं जातो?"

नाशकात बुवा दिसेल त्या फाटकात शिरला. ते निघालं मुसलमानांचं कब्रस्तान. तिथल्या म्हाताऱ्या चाचांना म्हणाला, "लांबट नको, चौकोनी दाखवा."

चाचा म्हणाले, "बाबा, यहाँ तो सब सोये हुए हैं."

"मग आमचा इथं नाय," म्हणून बुवानं हात जोडले. चाचांनीच चहा पाजला नि नदीकडच्या गोसाव्यांच्या जागेचा रस्ता सांगितला.

तिथं एक बाई गवत कापत होती. म्हणाली, "चिंच कवाच पडली, बाबा. समाध्यांचे जुने ओटे सपाट करून ही भिंत घातली."

बुवा भिंतीपाशी गेला नि पाय पसरून बसला. त्याचे पाय लांब झालेले मी जन्मात पहिल्यांदा पाहिले.

"आज्याशेजारी जागा धरायची होती," तो म्हणाला. "ना बायको, ना पोर. मला बसवायचं कुणाच्या ध्यानात राहील? गावातली माणसं चांगली हायेत, पण आडवा करून जाळतील."

"मी काय मेलो का?"

"आधी तूच गेलास तर?"

परतताना बुवाचे पाय खालीच होते, नि ती मोकळी बरगडी मला सायखेड्यापर्यंत टोचत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळ घेतली. पूर चढत नाही अशा वरच्या बांधाला चिंचेचं रोप लावलं नि शेजारी चौकोन खणला. पोराला नि सुनेला आणून दाखवलं, बुवाला इथं बसवायचं, नदीकडं तोंड करून. मग बुवाला हाक मारली.

"ये, बसून बघ. गुडघा बाहेर येत असंल तर आत्ताच सांग."