बारशाची डिस्क

नवं यंत्र आधी स्वतः चालवून बघावं आणि मगच लोकांना बोलवावं, एवढं शहाणपण बाळकृष्ण सबनिसांना कारखान्यात होतं. घरी येताना ते चपलांबरोबर दाराबाहेरच राहत असे. म्हणून तर रविवारी दुपारी चेन्नईच्या अण्णा नगरातल्या त्यांच्या हॉलमध्ये मराठी मंडळाची झाडून सगळी माणसं खुर्च्यांवर, दिवाणावर आणि खाली सतरंजीवर दाटीवाटीने बसलेली होती, चिवडा संपत आला होता, आणि टीव्हीच्या पडद्यावर एकच इंग्रजी ओळ ठाण मांडून बसली होती. ही डिस्क चालवायची तर प्लेअर अपडेट करा, त्यासाठी तो इंटरनेटला जोडा, असं ती सांगत होती.

डिस्क बारशाची होती. सबनिसांचा मुलगा उन्मेष आणि सून नीलम सॅन होजेला असत. त्यांना मुलगी झाली, तिचं नाव शाल्मली ठेवलं, पण बाळकृष्णरावांना रजा मिळाली नाही आणि आजी-आजोबा बारशाला मुकले. नातीला त्यांनी आजवर पाहिलं होतं ते संगणकावर, तेही चौकोनी ठिपक्यांत. ठिपके हलले की विद्युलताबाई म्हणत, हसली वाटतं. शेवटी उन्मेषने बारशाची डिस्क आणि ती चालवायला हा नवा ब्लू-रे प्लेअर अशी दोन्ही एका मित्राबरोबर पाठवली. प्लेअर इंटरनेटला जोडता येतो, नेटवरचे व्हिडिओ थेट टीव्हीवर दिसतात, हे कळल्यावर बाळकृष्णरावांनी निम्म्या चेन्नईला फोन करून ते सांगितलं. जुना डीव्हीडी प्लेअर त्यांनी सकाळीच खाली राहणाऱ्या राघोत्तमरावांना देऊन टाकला. देताना, तुमच्या टीव्हीला हाच शोभेल, असंही म्हणाले.

राघोत्तमराव तंजावरकडचे. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी दक्षिणेत आलेलं, मराठी जुन्या वळणाचं आणि मधेमधे तमिळ शिंपडलेलं. विमा कंपनीतून निवृत्त झालेला हा शांत माणूस जुना प्लेअर काखेत मारून हसत हसत खाली गेला होता. आता तो पहिल्या रांगेत बसून पडद्यावरची ओळ वाचत होता.

"अस्के, सगळेच, येऊन बसलों की," ते म्हणाले. "पोर कसाला दिसेना?"

"तांत्रिक बाब आहे," बाळकृष्णराव म्हणाले. "मी रणगाड्यांचे गिअरबॉक्स बसवतो, राघोत्तमराव. हे काय, खोकं आहे."

खोकं अमेरिकन असल्यामुळे त्याला तिकडची कमी दाबाची वीज लागे. त्यासाठी आणलेला ट्रान्सफॉर्मर कोपऱ्यात भुंग्यासारखा गुणगुणत होता. तिथवर सगळं बाळकृष्णरावांच्या हिशेबाप्रमाणे झालं होतं. हिशेबात नव्हती ती इंटरनेटची वायर. मोडेम झोपायच्या खोलीत, पलंगाच्या उशाशी, कारण टेलिफोनची जोडणी तिथे. तिथून निघालेली वायर जेमतेम त्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत पोचली. विद्युलताबाईंनी लांब वायर आणायला महिन्यापूर्वीच सुचवलं होतं, पण ते आत्ता बोलून दाखवलं नाही. नुसतं वायरीकडे आणि मग नवऱ्याकडे पाहिलं.

वायर टीव्हीकडे येत नसेल तर टीव्ही वायरीकडे जाईल, हा बाळकृष्णरावांचा पुढचा विचार अगदी तर्काला धरून होता. मंडळाच्या चार सभासदांनी टीव्ही उचलला. मागून प्लेअर, त्यामागून गुणगुणता ट्रान्सफॉर्मर आणि त्यामागून पाहुणे अशी वरात झोपायच्या खोलीत निघाली. वरात पोचायच्या आत विद्युलताबाईंनी धावत जाऊन पलंगावरचे वाळलेल्या कपड्यांचे ढीग कपाटात कोंबले. कपाटाचं दार लागेना, तेव्हा त्याच त्याला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि नंतरचा सगळा कार्यक्रम त्यांनी तसाच पाहिला.

पलंगावर सात-आठ जण मांडी घालून बसले. राघोत्तमरावांच्या पत्नी त्रिपुरसुंदरीमामी परक्यांच्या पलंगावर बसायला संकोचत होत्या, पण दुसरीकडे पाय ठेवायलाही जागा नव्हती. उकाड्याने सगळे घामाघूम झाले. पाहुण्यांची ती अवस्था यजमानांना पाहवेना, म्हणून बाळकृष्णरावांनी एसी लावला. अपडेट सुरू झालं. पडद्यावर एक पांढरी पट्टी मुंगीच्या पावलाने पुढे सरकू लागली आणि तिच्याखाली बजावलेलं होतं की हे चालू असताना प्लेअर बंद करू नका. खोलीभर कौतुकाची कुजबुज झाली. बाळकृष्णरावांची छाती फुगली. अमेरिकेतली कंपनी आपल्या पलंगाशेजारच्या खोक्यात नवी अक्कल ओतते आहे, असं त्यांनी सगळ्यांना सोपं करून सांगितलं.

तेवढ्यात उशाशी फोन वाजला.

मामींनी सवयीने हात पुढे केला. बाळकृष्णराव एवढे झेपावले की मंडळाचे खजिनदार दचकून पलंगावरून खाली घसरले. फोन उचलला की इंटरनेट तुटतं, हा त्या घराचा जुना रोग होता. तंत्रज्ञ येऊन गेले, पण रोग गेला नव्हता. बाळकृष्णरावांनी फोनवर उशी दाबून धरली. फोन उशीखाली वाजत राहिला आणि थांबला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. मग पुन्हा.

"घरांत कोणास बरं नसेल तर?" मामी म्हणाल्या.

"अपडेट होऊ दे, मग आपण फोन करू."

पट्टी शेवटाजवळ आली. पाहुणे पुढे वाकले. विद्युलताबाईंनी कपाटाला टेकूनच पदराने डोळे टिपायची तयारी ठेवली. एसी, टीव्ही, ट्रान्सफॉर्मर आणि स्वयंपाकघरात इडल्या गरम करायला कोणीतरी लावलेला ओव्हन, एवढं ओझं घरातल्या फ्यूजने बराच वेळ सोसलं होतं. मग त्याने जीव सोडला. पडदा काळा झाला. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण थांबली, आणि ती किती मोठी होती हे तेव्हा कळलं.

फ्यूज घालणं बाळकृष्णरावांच्या हातचा मळ होता. त्यांनी तो चटकन घातलाही. दिवे आले, टीव्ही आला, एसी घरघरला. प्लेअर मात्र आला नाही. त्याच्या कपाळावर एक लाल ठिपका पेटला आणि पेटलेलाच राहिला. बाळकृष्णरावांनी बटण दाबलं, धरून ठेवलं, वायर काढून घातली आणि शेवटी कोणी बघत नाही असं वाटून खोक्याच्या पाठीवर दोन चापट्या मारल्या. सगळे बघत होते.

फोन परत वाजला. आता उचलायला हरकत नव्हती. उन्मेष होता. तिकडे अजून उजाडायचं होतं, पण तान्ह्या मुलीने आई-बापाला जागं केलं होतं. बाळकृष्णरावांनी फ्यूजचा दोष फ्यूजवर आणि प्लेअरचा प्लेअरवर टाकत सगळी हकीकत सांगितली. मग उन्मेष म्हणाला, "बाबा, ते सांगायलाच तर मघापासून फोन करतोय. अपडेटच्या भानगडीत पडू नका. मी बारसं साध्या डीव्हीडीवरही घातलंय. खोक्यात थर्माकोलच्या खाली बघा."

डीव्हीडी होती. थर्माकोलच्या खाली, नीलमच्या अक्षरात ‘आजीसाठी’ असं लिहिलेली. ‘आजीसाठी’ का, हा प्रश्न बाळकृष्णरावांनी गिळला. दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. डीव्हीडी चालवायची कशावर?

राघोत्तमराव पलंगावरून सावकाश उतरले, चपला शोधल्या आणि म्हणाले, "खालीं या. आमच्या टीव्हीस तोच शोभेल म्हणालांत, तो लावूनच ठेवला हाय."

वरात पुन्हा निघाली, या वेळी जिन्यावरून. राघोत्तमरावांच्या छोट्या हॉलमध्ये जुना, पोट सुटलेला टीव्ही होता आणि त्यावर क्रोशाचा रुमाल. सबनिसांचा जुना प्लेअर त्याच्याखाली असा बसला होता, जणू जन्मापासून तिथलाच. मामींनी कॉफी ठेवली. राघोत्तमरावांनी डिस्क आत सारली आणि लगेच, काहीही न विचारता, काहीही न मागता, सॅन होजे दिसू लागलं.

शाल्मली हलली की हलताना दिसत होती. विद्युलताबाई टीव्हीच्या अगदी पुढ्यात खाली बसल्या. फुलांनी सजवलेला पाळणा होता. बायकांनी नऊवारी नेसून त्यावर पायमोजे घातले होते. पाळणा म्हणायला सुरुवात झाली आणि शाल्मलीने जो टाहो फोडला, त्यात पाळण्याचे शब्द वाहून गेले. कोणी खुळखुळा वाजवला, कोणी टाळ्या. पोर काळीनिळी झाली. विद्युलताबाईंचे हात आपोआप पडद्याकडे गेले. तेवढ्यात डिस्कमधली नीलम वैतागून म्हणाली, "उन्मेष, आजोबा लाव."

आजोबा लाव म्हणजे काय, हे कोणाला कळेना. चित्रातल्या उन्मेषने रिमोट घेतला. त्याच्या भिंतीवरच्या टीव्हीखाली अगदी तसलाच नवा प्लेअर होता. त्याने इंटरनेटवरची यादी उघडली, एक व्हिडिओ निवडला, आणि राघोत्तमरावांच्या टीव्हीत दिसणाऱ्या उन्मेषच्या टीव्हीत खुद्द बाळकृष्ण सबनीस अवतरले. लुंगी, वर ऑफिसचा शर्ट, हातात छत्री. फाटकाबाहेर फळवालीच्या गाडीशी उभे. समोर केबलसाठी खणलेला रस्ता. मागच्या सुट्टीत उन्मेषने गच्चीवरून हे चोरून टिपलं होतं.

"नल्ला पळ्ळम् इरुक्का?" चित्रातले बाळकृष्णराव रुबाबात विचारत होते. फळवाली बुचकळ्यात पडली. त्यांनी एक केळं उचलून नापसंतीने खाली ठेवलं. "इदु चिन्न पळ्ळम्. पेरिय पळ्ळम् वेणुम्."

फळवालीने समोरच्या खणलेल्या रस्त्याकडे हात केला. "एदिर्ले इरुक्कु सार, एडुत्तुक्कोंग."

मामींच्या हातातली कॉफीची पितळी वाटी खणखणत खाली गेली. हसू आवरेना म्हणून त्यांनी तोंडाला पदर लावला, पण पदराला ते झेपलं नाही. ज्यांना तमिळ येत होतं ते लोळू लागले. ज्यांना येत नव्हतं त्यांना मामींनी कसंबसं सांगितलं, की फळास म्हणायचं पऴम्, जीभ आत वळवून. पळ्ळम् म्हणजे खड्डा. हे विचारतात, चांगले खड्डे हायत का? हा लहान हाय, मला मोठा खड्डा पाहिजे. ती म्हणते, समोरच हाय सार, घेऊन जा.

बाळकृष्णरावांना चेन्नईत राहून अर्धं आयुष्य झालं होतं, आणि आपलं तमिळ फळवालीपासून कलेक्टरपर्यंत कुठेही चालतं अशी त्यांची पक्की समजूत होती. आता एकेक प्रसंग डोळ्यांपुढे येऊ लागला. देवळात पुजाऱ्याच्या हातात भक्तिभावाने दिलेले खड्डे. कारखान्यातला मणी इस्पितळात होता, तेव्हा त्याचा हात हातात घेऊन, तुमच्यासाठी ताजे खड्डे आणलेत, सगळे तुम्हालाच, असं डोळ्यांत पाणी आणून सांगितलेलं. मणीने तेव्हा भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. गहिवरला असेल, असं बाळकृष्णरावांनी घरी येऊन सांगितलं होतं.

"राघोत्तमराव," ते क्षीण आवाजात म्हणाले, "तुम्हाला हे माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून," राघोत्तमराव म्हणाले. "सांगटलों नाही. तुम्ही इतकं मनापासून बोलता."

"अहो, सगळे गप्प बसा जरा," विद्युलताबाई टीव्हीपासून न हलता म्हणाल्या. "तिच्याकडे बघा."

डिस्कमध्ये शाल्मली रडायची थांबली होती. भिंतीवरचा आजोबा मोठा खड्डा मागत होता, आणि ती ओले डोळे विस्फारून त्याच्याकडे बघत होती. मग तिच्या बोळक्या तोंडाला एक कोपरा फुटला, आणि ती हसली. ठिपक्यांत नाही, चांगली सलग हसली. विद्युलताबाईंनी ते चित्र मागे नेऊन तीनदा पाहिलं. बाळकृष्णरावांनीही पाहिलं.

लाल ठिपका पेटलेला प्लेअर पुढे दुरुस्तीला गेला आणि तसाच परत आला. बाळकृष्णरावांनी मात्र स्वतःला दुरुस्त करायचं मनावर घेतलं. रोज संध्याकाळी ते खाली जात आणि राघोत्तमरावांपुढे बसून जीभ आत वळवत. हळूहळू जीभ वळू लागली. एकदा फळवालीकडे जाऊन त्यांनी फळं मागितली आणि तिने निमूटपणे फळं दिली. तिचा चेहरा थोडा हिरमुसलेला वाटला.

त्यानंतरच्या रविवारी उन्मेषचा फोन आला. मागे शाल्मलीचा टाहो चालू होता. नेट बंद आहे, व्हिडिओ लागत नाही, तुम्हीच बोला, असं म्हणून त्याने फोन तिच्या कानाला लावला. बाळकृष्णराव सावरून बसले. खालून राघोत्तमराव आले होते, तेही ऐकू लागले. शिष्याने जीभ व्यवस्थित वळवून, एकेक अक्षर तोलून, शुद्ध तमिळमध्ये चांगलं मोठं फळ मागितलं. राघोत्तमरावांनी समाधानाने मान हलवली.

शाल्मलीचा आवाज आणखी चढला.

बाळकृष्णरावांनी पुन्हा एकदा शुद्ध मागणी केली. उपयोग झाला नाही. त्यांनी राघोत्तमरावांकडे पाहिलं. राघोत्तमराव उठले, खिडकीशी गेले आणि पाठ फिरवून बाहेर रहदारी बघत उभे राहिले.

"पेरिय पळ्ळम् वेणुम्," बाळकृष्णराव फोनमध्ये हळूच म्हणाले.

पलीकडे सगळं शांत झालं.