कन्हेरीची एकुलती मोटार

महिपतीनं जाहिरातीचा मजकूर चार दिवस खपून लिहिला. सागवानी सांगाडा, त्यावर मुंबईच्या कारागिरांनी हातानं ठोकून बसवलेला पत्रा, मागं दुमडणारा कापडी टप, लाल कातड्याच्या बैठका, आणि अशी मोटार दुसरी नाही, हे सगळं त्यात होतं. बारामतीच्या एका साप्ताहिकात तो नेऊन द्यायचं काम मुलाकडं, युवराजकडं होतं. युवराजला एवढं पाल्हाळ पटलं नाही. त्यानं कचेरीच्या दारातच कागद फाडला आणि चिठोऱ्यावर लिहून दिलं, 'जुनी मोटार विकणे आहे. चालू स्थितीत. महिपती गेणबा, कन्हेरी.'

गेणबा म्हणजे महिपतीचे वडील. ते एका लहानशा संस्थानिकाचे ड्रायव्हर होते. संस्थान गेलं तेव्हा महाराजांनी ही मोटार त्यांच्या हवाली केली, त्याला आता पंचेचाळीस वर्षं होत आली होती. महिपती दर रविवारी ती पुसायचा, शाळेपर्यंत एक फेरी मारायचा आणि परत छपरात लावून दार ओढून घ्यायचा. पण पासष्टी उलटली, डोळ्यांपुढं धुरकट दिसायला लागलं, आणि एक दिवस युवराज मोटारीभोवती फिरून म्हणाला, "आबा, मागची बाजू कापली तर झकास ट्रॉली हुईल हिची." तेव्हाच महिपतीनं ठरवलं की आपण आहोत तोवर हिला जाणत्या माणसाच्या घरी पोचवायची.

पहिला आला माळेगावचा झुंबर.

"किती एचपीची हाय?" त्यानं विचारलं.

"ऐंशी," महिपती अभिमानानं म्हणाला.

"ऐंशी? आन पाण्याला कशी हाय?"

"पाणी लई पिती. घाट चढताना दोन बादल्या लागायच्या."

"पिती? मला फेकणारी पायजे, आबा. उसाला."

आमच्या या भागात मोटार म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढं विहिरीवरचा पंप येतो. विजेचा खेळखंडोबा चाललेला, घरटी एक मोटार जळालेली. चार दिवसांत चौदा माणसं आली. भिगवणचा एक जण तर धरणातून पाणी उचलायला पाइप मोजूनच आला होता. महिपती प्रत्येकाला छपरात नेऊन मोटार दाखवायचा. कुणी आत बसून उड्या मारून बघितल्या, कुणी पायरीवर तंबाखूची पिंक टाकली. शेवटी महिपती वैतागला.

"आता कुणी आलं की सांग, मोटार इहिरीत पडली," त्यानं बायकोला बजावलं. "म्हंजी आल्या पावली जातील."

छबूबाईंनी ते काम मन लावून केलं. दर माणसागणिक त्या थोडी भर घालत गेल्या.

शनिवारी महिपती डोळे दाखवायला बारामतीला गेला. इकडं दारात एक जीप आली आणि नेमकी छपराच्या सावलीत उभी राहिली. आतून पांढऱ्या टोपीतले पुण्याचे एक साहेब उतरले. ही मोटार ते अकरा वर्षं शोधत होते. संस्थानच्या म्हाताऱ्या कारकुनाकडून त्यांना गेणबाचं नाव कळलं होतं, आणि तेच नाव जाहिरातीत दिसल्यावर ते तडक निघाले होते.

"बाई, मोटार बघायला आलोय."

"ती पडली की इहिरीत," छबूबाई म्हणाल्या.

साहेब मटकन ओट्यावर बसले. "कशी पडली?"

"दोर तुटला."

"दोर कशाला बांधला होता?"

"दोराबिगर खाली कशी सोडायची?"

"तुम्ही ती पाण्यात सोडत होता?"

"दर उन्हाळ्यात सोडतो. आवंदा गाळात रुतली. चार माणसं उतरली, पर हालंना. मग मालक म्हणलं, ऱ्हाऊ दे, आता तिच्यात काय उरलंय."

साहेबांनी विहीर बघायला मागितली. काठावर टोपी काढून ते बराच वेळ उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले तेव्हा छबूबाईंना वाईट वाटलं. "जाऊ द्या, सायब, दुसरी मिळंल," त्या म्हणाल्या.

"दुसरी नाही हो," साहेब म्हणाले आणि चहाही न घेता गेले.

दुपारी महिपती परतला. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातलेले, त्याला समोरचं घर धड दिसत नव्हतं. छबूबाईंनी झालेलं सांगितलं.

"कितीचा पंप पायजे हुता त्येला?"

"ते न्हाय म्हणाला. लाल बैठका बी बुडाल्या का, असं इचारत हुता."

महिपती वहाण काढता काढता थांबला. मग त्यानं युवराजला मोटारसायकलवर पिटाळलं. युवराज भिगवणपर्यंत जाऊन आला. जीप केव्हाच हायवेला लागून गेली होती.

महिन्याभरानं टपालानं एक मासिक आलं, जुन्या मोटारींच्या शौकिनांचं. त्यात काळ्या चौकटीत मोटारीचा जुना फोटो होता आणि खाली ती कशी गेली याची त्या साहेबांनी लिहिलेली हकिकत होती. महिपतीनं लगोलग पत्र लिहिलं, सोबत नवा फोटो लावला. आठवड्यात उत्तर आलं. 'मी विहीर स्वतः पाहिली. आपल्या पत्नीचं दुःख खरं होतं. नक्कल उत्तम केली आहे, पण या वयात असा व्यवहार आपल्याला शोभत नाही.'

"तू चल माझ्यासंगं पुण्याला. खरं काय ते सांग," महिपती बायकोला म्हणाला.

"एवढ्या मोठ्या माणसाला रडवलं आन आता खोटं हुतं म्हणू?" छबूबाई म्हणाल्या. "मला न्हाय जमायचं." आणि त्या पदरानं डोळे पुसत आत गेल्या. महिपतीनं पुन्हा विषय काढला नाही.

पुढच्या थंडीत त्याचं ऑपरेशन झालं, नजर साफ झाली. एका रविवारी शाळेपाशी त्यानं मोटार थांबवली होती, तेव्हा इंदापूरच्या कॉलेजातले एक प्राध्यापक स्कूटरवरून उतरून जवळ आले. त्यांनी पत्र्यावरून हात फिरवला, चाकांशी वाकून पाहिलं.

"मी वाचलं होतं त्या गाडीबद्दल," ते म्हणाले. "हुबेहूब बनवलीय हो तुम्ही. मूळची बघितली होती का?"

"बघितली व्हती. वडील चालवायचे."

"मग वाईट वाटलं असेल. गेली बिचारी."

महिपतीनं स्टिअरिंगवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"व्हय," तो म्हणाला. "गेली."