रंजनीचं सुतक

पाळलेल्या टॅरंट्युलाला ऊब किती आणि दमटपणा किती लागतो, या विषयात चेन्नईच्या अख्ख्या अड्यारमध्ये माझा हात धरणारा कोणी नाही! (हे वाक्य मी खोडलं होतं. पुन्हा लिहिलं, कारण अड्यारमध्ये हा विषय दुसऱ्या कोणी वाचलाच नसावा.)

टॅरंट्युला म्हणजे तळहाताएवढा केसाळ कोळी. आमच्या ऊर्मीचा. नाव रंजनी. ऑफिसच्या कामासाठी कोलकात्याला जाताना नातीनं काचेची पेटी माझ्या हातात दिली.

"आजोबा, फक्त तुमच्यावर विश्वास आहे."

निवृत्तीनंतर या घरात माझ्यावर दुधाची पिशवीसुद्धा कोणी सोपवलेली नाही! मी त्याच दिवशी जाडजूड पुस्तक आणलं आणि पहिल्या पानापासून शिस्तीत वाचू लागलो.

नेमकं नवरात्र होतं. प्रमोदिनीनं, म्हणजे आमच्या हिनं, शेजारच्या अलमेलूबाईंकडून शिकून यंदा प्रथमच गोलू मांडला होता. पायऱ्यांवर बाहुल्या, पायथ्याशी ओल्या वाळूत उगवलेली मोहरी. पाहुण्या बायकांसाठी एसी सतत चालू. पेटीतला दमटपणा मोजणारा काटा पापडासारखा कोरडा पडला! मी पाणी फवारलं. काटा इतका चढला की काचेला घाम फुटला. मलाही फुटला. शेवटी पेटी गोलूच्या मागे, पडद्याआड, ओल्या वाळूशेजारी नेऊन ठेवली. वा! काटा अगदी पुस्तकातल्यासारखा!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पडदा सारला, तर रंजनी उताणी. आठही पाय वर.

मी डोळे पुसत बाहेर आलो. दिवाणखान्यात हळदीकुंकवाच्या बायका. प्रमोदिनी स्वयंपाकघरात.

"काय झालं, मामा?" अलमेलूबाईंनी विचारलं. (इकडे वडीलधाऱ्या पुरुषाला मामाच म्हणतात.)

"रंजनी गेली."

"कोण रंजनी?"

"आमच्या ऊर्मीची."

"अय्यय्यो! वय केवढं?"

"चार वर्षं."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. ऊर्मीचं लग्न व्हायचंय.

"कशानं गेली?"

"हवा मानवली नाही. चूक माझीच. मी पाणी जास्त फवारलं."

"लेकरावर?"

मला खुलासा करायचा होता. पण मी बोलायला तोंड उघडेपर्यंत चार बायकांचं बोलून झालं होतं! कुंकवाची ताटं खाली ठेवली गेली. सुतकाच्या घरचं कुंकू घ्यायचं कसं? एकीच्या तोंडात हरभऱ्याचं सुंडल होतं, ते गिळावं की नाही हे तिला कळेना. एकीनं गोलूवर चादर टाकली. अलमेलूबाईंनी नवऱ्याला फोन केला आणि बालाजीराव ओल्या केसांनीच धावत आले. पिढ्यान्‌पिढ्यांचे तंजावरकर, मराठीही तिथलीच, अशा प्रसंगी पुढे होणारे.

"धीर धरा, मामा. कोठें ठेवलंय तिला?"

"गोलूच्या मागं."

कोणीतरी हुंदका दिला. बालाजीरावांनी हात जोडले, गंभीरपणे पडदा सारला... आणि पुढच्या क्षणी ते सोफ्यावर उभे होते!

"मामा! दोन अहेत!"

"दोन?"

"एक हालतंय!"

मी वाकून पाहिलं. एक रंजनी पोकळ, सालपटासारखी. दुसरी शेजारी बसलेली, फिकट, ओलसर, नवी कोरी! मी ऊर्मीला व्हिडिओ कॉल लावला.

"आजोबा!" ती किंचाळली. "तिनं कात टाकली! हवा बरोबर नसती तर यात मेलीसुद्धा असती. तुम्ही वाचवलंत तिला!"

कात टाकताना कोळी उताणा पडतो, हे पुस्तकात होतं म्हणे. शेवटून दुसऱ्या प्रकरणात. मी अजून दमटपणावरच होतो.

"आता हिला तुमच्याकडेच ठेवते. आणि हिच्यासारखी दुसरीही आणते!" ऊर्मी म्हणाली.

छाती अशी फुगली की सदऱ्याची बटणं ताणली! ऊर्मी बिनमुलांची आहे हे अलमेलूबाईंना पटवण्यात रात्रीचं जेवण थंड झालं, तरी मी खुशीतच होतो.

पानं वाढताना प्रमोदिनी एवढंच म्हणाली, "यापुढे या घरात कोणीही गेलं, अगदी तुम्ही स्वतः गेलात तरी, आधी मी येऊन बघणार. मगच जाहीर करायचं."