स्टर्जिसबाईंच्या स्वयंपाकघरावरील निःशब्द मोहीम

न्यायासनास मुजरा करून, घडले तितकेच येथे लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही. व्हर्मांट प्रांती हॅडलो गावी ओरिन पेल्की नामे मेपलच्या झाडांचा रस आटवून पाक करणारे गृहस्थ कैदेत होते. इल्जाम ऐसा की, नोव्हेंबरात काळोख पडल्यावर त्यांनी शेजारच्या कोठारातून पाकाची पिंपे लांबविली. साक्षीदार एकच, शेजारीण लोविना स्टर्जिसबाई. दिवा लावून भांडी घासताना समोरच्या खिडकीतून आपण चोर ओळखला, ऐसे त्यांनी शपथेवर सांगितले.

मग न्यायाधीश हॅस्केलबाईसाहेब यांनी ज्यूरीच्या बारा असामींस जागा पाहण्यास कूच करण्याचे फर्मान दिले आणि सक्त ताकीद केली की, फक्त डोळ्यांनी पाहावे, कोणाशी अक्षर बोलू नये, कशास हात लावू नये, दिवा लावून पडताळा घेऊ नये, कोणी दिले ते खाऊ नये, आणि वकिलांनी बोटाने दाखवावे, वाद घालू नये. कसूर जाहल्यास खटला रद्द आणि नवा उभा राहीतो ओरिन कैदेत. तिकडे झाडांतून रस गळण्याचा मोसम तोंडावर, तो हुकला म्हणजे वर्षाची रोजी बुडाली.

ज्यूरीचे सरदार एल्वूड टटल. पत्नी निवर्तल्यापासून न बोलण्याचा सराव त्यांस दांडगा होता. शाळेच्या पिवळ्या बसमधून फौज चिखल तुडवीत पोहोचली, तो दाराशी स्टर्जिसबाई गरम डोनटचे ताट घेऊन मोर्चा धरून उभ्या! त्या मुलखी पुढे केलेले खाणे नाकारणे म्हणजे उघड वैर.

"अगं डॉट, घे ना! आजवर कधी नाही म्हणालीस?"

ज्यूरीतील डॉट गॅनन यांनी दोन्ही हात कोटाच्या खिशांत कोंडले आणि ओठ आवळले.

"वा गं वा! आणि एल्वूड, तू रे? घरी तुला कोण करून घालतंय?"

घाव वर्मी बसला, परंतु सरदार हलले नाहीत. मग कोर्टाचा शिपाई धावला. "लोविनाताई, ताट न्या हो! सगळा खटला पहिल्यापासून करायचाय का?" न्यायाधीश बाईसाहेबांस वर्दी गेली, कोणी उत्तर केले नाही, सबब मोहीम शाबूत, ऐसा निवाडा जाहला.

आत आरोपीचे वकील इतकेच वदले की, ही खिडकी पाहावी आणि हा वरचा दिवा पाहावा. बारा जणांनी पाहिले. बाहेर ऊन होते आणि कोठार लख्ख दिसत होते. एल्वूड मात्र दिव्याकडे पाहत राहिले, आणि ओठांशी आलेले बोलणे त्यांनी मोठ्या शर्थीने गिळले.

साक्षी सरल्यावर ज्यूरी बंद खोलीत बसली, तेव्हा बोलण्याची मुभा जाहली.

"कोठार तर चांगलं दिसत होतं की," डॉट म्हणाल्या.

"दिवसा, डॉट," एल्वूड म्हणाले. "काळोख पडल्यावर डोक्यावर दिवा लावून भांडी घासायला उभं राहा. काचेत आपलंच तोंड दिसतं. बायको होती तोवर मला हे ठाऊक नव्हतं. आता रोज बघतो."

मग डॉट म्हणाल्या, "खरंय. मी तर पडदाच ओढून घेते."

ओरिन पेल्की निर्दोष ठरून मोसमापूर्वी आपल्या झाडांत परतले. फत्ते जाहली, जखमी कोणी नाही. पत्नीमागे एल्वूड टटल चारचौघांत एका दमात इतके बोलले, ही गोष्ट प्रथमच घडली, सबब तीही दप्तरी दाखल केली असे.