खडा नसलेली बाजू

डहाणूच्या मुतखडा निवारण केंद्रात शस्त्रक्रियेचे यश शंभर टक्के होते आणि तो आकडा फलकावर देवाच्या नावाच्याही वर लिहिलेला होता. गंजाडचा बारक्या त्या फलकाखालून पोट धरून आत शिरला. चिकूच्या वाडीत क्रेट उचलताना त्याच्या उजव्या कुशीत अशी कळ आली होती, की तो झाडाखाली गडबडा लोळला. ती कळ थांबावी, एवढेच त्याचे मागणे होते.

डॉक्टर जतीन यांनी सोनोग्राफी पाहून खेद व्यक्त केला. शस्त्रक्रियेचे यश खड्याचा आकार, जागा आणि टणकपणा या घटकांवर अवलंबून असते, आणि बारक्याचा खडा तिन्ही बाबतींत केंद्राशी असहकार करत होता. चिकूच्या बीएवढा, मूत्रपिंडाच्या तळच्या कोपऱ्यात दडलेला आणि भलताच टणक. निकाल शंभर टक्के लागावा म्हणून शाळा कच्च्या पोरांना सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावते, त्याच मायेने डॉक्टर म्हणाले, "भरपूर पाणी प्या. खडा लहान झाला की या."

बारक्या पाणी प्यायला. विहिरीची पातळी उतरली, खडा उतरला नाही.

तेवढ्यात त्याचे वाडीमालक रामनाथशेठ मोहरीएवढा खडा घेऊन दाखल झाले. डॉक्टर हात धूत होते तेव्हाच तो लघवीवाटे आपणहून निघून गेला. ठरल्याप्रमाणे शस्त्रक्रिया तरीही झाली आणि कमालीची यशस्वी ठरली. यावरून केंद्राला शोध लागला, की खडा जितका लहान तितके यश मोठे. मग खडाच नसेल तर यशाला तोटा नाही. लगेच 'खडामुक्त रुग्ण अभियान' निघाले. उधव्यापासून किनाऱ्यापर्यंतची ठणठणीत माणसे रांगा लावून दुर्बीण घालून घेऊ लागली. नंतर एकाच्याही पोटात खडा सापडला नाही.

बारक्या कळा सोसत पुन्हा आला, तेव्हा बायको सोबत होती. नवऱ्याचे हाल बघून बारकीचा जीव तुटत होता, पण तिला व्यवहारही कळत होता.

"डाक्तर, याचे डावे अंगाला खडा हाय का?"

"नाही. डावीकडे अगदी स्वच्छ आहे."

"मंग डावाच करा ना."

डॉक्टर भारावले. डाव्या मूत्रपिंडाची शस्त्रक्रिया शंभर टक्के यशस्वी झाली. केंद्राने ठेवलेल्या सत्काराला बारक्या उजवी कूस दाबून वाकून उभा राहिला आणि त्याची नम्रता सर्वांना भावली.

कळ मात्र हटेना. मग कुणीतरी बारकीला सांगितले, की तलासरीला डॉक्टर मयुरा म्हणून बाई आहेत, कुणी हात लावत नाही असले अवघड खडे त्या काढतात. दोघे गेली. बाईंनी नीट तपासले आणि सांगितले, की काढू, पण दोन खेपा लागतील. शिवाय दहातल्या दोघांचा थोडा खडा मागे राहतो, हे आधीच सांगून ठेवते. दवाखान्यातली बाकडी रिकामी होती.

बारक्या बाहेर आला. "दहात दोन राहतात," तो बायकोला म्हणाला. "बाई चांगली असती त लोकं नसती आली?"

आणि पोट धरून तो पुन्हा डहाणूच्या रांगेत उभा राहिला. त्याला अडाणी म्हणू नका. रांगेत त्याच्या पुढे शिकलेली माणसे बघूनच तो थांबला होता, आणि त्यांत तुम्ही होता.