बिनहँडलची मर्क्युरी

आधीच सांगून ठेवतो, पंचावन्न साली पूर्व लॉस एंजेलिसमध्ये माझ्या गाडीइतकी बुटकी गाडी कुणाच्या बापाकडे नव्हती! एकोणपन्नास सालची मर्क्युरी. भंगारात मिळाली. गॅरेजात आणून तिचं छप्पर करवतीनं कापलं, खिडक्यांमधले खांब चार बोटं छाटले, छप्पर परत बसवलं आणि सगळे सांधे वितळलेल्या शिशानं भरून काढले. आमच्या वस्तीत ज्याची गाडी बुटकी, त्याची मान ताठ! माझी तर एवढी ताठ झाली होती की शेजारीण ओरडायची, "लाझारो, खाली बघ रे, गटारात पडशील!"

पण खरी कमाल दारांची होती. दारांची सगळी हँडलं मी काढून टाकली. बाहेरची तर काढलीच, आतलीही काढली! त्या जागी विजेचं छुपं बटण. दाबलं की खट्, दार उघडं. गाडीवरून हात फिरवावा तर कुठे म्हणजे कुठे अडकायचा नाही.

"आणि बॅटरी उतरली तर?" ओफेलियानं विचारलं होतं.

ओफेलिया म्हणजे कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या यूसेबिओंची मुलगी. चर्चमध्ये गायनाच्या तालमीला जाते असं घरी सांगायची आणि माझ्या गॅरेजात येऊन बाह्या सरसावायची.

"सायकलच्या ब्रेकची एक तार टाकून ठेवू या," ती म्हणाली. "पुढच्या चाकामागून ओढली की दार उघडेल."

"तारा-बिरा भित्र्यांना लागतात! माझ्या गाडीत काही बिघडत नाही."

तिनं नुसती मान डोलावली आणि पाना उचलला. तिथेच मला शंका यायला हवी होती.

यूसेबिओंना मी डोळ्यांसमोर नको असायचो. "चांगली गाडी कापणारा माणूस उद्या माझ्या मुलीच्या संसारावरही करवत चालवील," असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला पावाबरोबर ऐकवत. ओफेलियाला सक्त ताकीद होती, "त्या गॅरेजात पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन!"

तरी तिनं कसंबसं त्यांना वळवलं. निरोप आला, 'रविवारी चार वाजता या. एकदाच ऐकून घेईन. नाही म्हटलं तर पुन्हा माझ्या दारात दिसायचं नाही.'

आम्हा मेक्सिकन लोकांत मागणी घालायला वडीलधाऱ्यांनी जायचं असतं. मला आईबाप नव्हते. बाप्तिस्म्याच्या वेळी मला मांडीवर घेतलेले माक्लोविओकाका आणि एडुविहेसकाकू हेच माझे मायबाप. मी ठरवलं, दोघांना मर्क्युरीतूनच न्यायचं! गाडी बघून म्हातारा विरघळलाच पाहिजे!

काकूंना गाडीत बसवायलाच अर्धी दुपार गेली. काकूंचं अंग भरलेलं, त्यात डोक्यावर नवी टोपी. टोपी छपराला लागली म्हणून मान वाकडी करून बसल्या. मांडीवर मागणीची टोपली, तिच्यात चॉकलेट आणि टकीलाची बाटली.

"लाझारो, ही गाडी आहे की शवपेटी?"

"काकू, ही फॅशन आहे!"

एवढं करूनही आम्ही वेळेच्या आधीच पोचलो. यूसेबिओंच्या घराच्या वरच्या अंगाला, चढावर गाडी थांबवली. काका भाषणाची तालीम करू लागले. काकूंनी रेडिओ लावायला सांगितला. काकांचं भाषण लांबत गेलं, रेडिओ वाजत राहिला आणि शेवटी रेडिओचा आवाजच बसला. गाडी सुरू करायला गेलो तर कुईं केलं आणि गप्प!

"काळजी नको, उतार आहे!" मी ब्रेक सोडला. गाडी आवाज न करता घरंगळत नेमकी यूसेबिओंच्या फाटकापुढे येऊन थांबली. सगळं घर अंगणात उभं होतं. यूसेबिओंच्या भुवया वर गेल्या. एवढी शांत गाडी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती!

मी ऐटीत बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. तरी काही नाही.

"उतरा ना!" यूसेबिओ म्हणाले.

"येतोच!" मी खिडकीची काच हातानं फिरवून खाली केली आणि बाहेर पडायला डोकं काढलं. डोकं निघालं, एक हात निघाला आणि खांदे अडकले. ते पुढे जाईनात की मागे येईनात! छप्पर मीच कापलं होतं ना!

"हे काय नवीन?" यूसेबिओंचे बूट माझ्या नाकासमोर येऊन थांबले.

"नमस्कार, शेठ," मी बुटांना म्हणालो.

काकांनी विचार केला, वेळ तर झालीच आहे. दुसऱ्या खिडकीच्या फटीला तोंड लावून त्यांनी भाषण सुरू केलं, "शेठ, आज आम्ही आपल्या उंबरठ्यावर..."

"उंबरठ्यावर कुठे? तुम्ही डब्यात आहात!"

"अहो, भाषण राहू द्या, मला गुदमरतंय!" काकू आतून ओरडल्या. घाबरून त्यांनी टकीलाची बाटली उघडून तोंडाला लावली, आणि टोपली माझ्या पाठीवर ठेवली.

यूसेबिओंनी बेकरीतून लोखंडी पहार मागवली. "सरका! दार उचकटतो!"

"शेठ, नको! पाया पडतो!" मी कळवळलो. एका हातानं पाया पडणंही जमेना. पहार दाराच्या फटीला टेकली. काकू देवाचा धावा करत होत्या, त्यामुळे थांबा तरी कोणत्या तोंडानं म्हणू?

"थांबा, बाबा!"

ओफेलिया पांढऱ्या नव्या झग्यासकट रस्त्यावर आडवी झाली. चाकामागे हात घातला, एक तार ओढली. खट्! दार उघडलं, आणि दारासकट मीही लोंबकळत बाहेर आलो.

म्हणजे तिनं ती तार टाकली होती. मला न विचारता! मला आनंद झाला, आणि पाठोपाठ घामही फुटला, कारण यूसेबिओ मुलीकडे बघत होते.

"तार कुठे आहे ते तुला कसं माहीत?"

ओफेलिया झगा झटकत उभी राहिली. लपवायला आता काही उरलं नव्हतं. "मीच टाकली, बाबा."

"अस्सं. चर्चच्या गायनात हेही शिकवतात वाटतं?"

मला वाटलं, संपलं. यूसेबिओ गाडीपाशी गेले. छपराच्या सांध्यावर त्यांनी तळवा ठेवला आणि हळूहळू मागेपर्यंत फिरवला. पुन्हा फिरवला.

"हे शिसं कुणी सारवलं?"

"मी..." मी खिडकीतून म्हणालो.

"तू गप! केकवर क्रीम फिरवायला मी हिला लहानपणापासून शिकवलंय. हा हात मी आंधळा झालो तरी ओळखीन." त्यांचा आवाज जरा जड झाला. "कुठे म्हणून उंचवटा नाही गं, पोरी."

ओफेलियाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

"माक्लोविओ, भाषण पुरे," यूसेबिओ म्हणाले. "मुलगी दिली. पण लग्नाला मी या गाडीत बसणार ते एकाच अटीवर. चालवायची हिनं!"

चर्चला नवरी स्वतः गाडी हाकत गेली. मी मागच्या सीटवर, मान वाकडी करून, काकूंच्या शेजारी.

आता काका नाहीत, काकू नाहीत. सासरेही गेले. पण ते होते तोवर दर रविवारी गरम पावाची पिशवी घेऊन यायचे आणि आत येण्याआधी छपरावरून एकदा तळवा फिरवायचे. त्यांच्या हाताला पिठाचा वास यायचा. ते दिवस आठवले की अजून गलबलून येतं.

गाडी मात्र तशीच आहे, बिनहँडलची. बघायला लोक येतात. ही कुणी बांधली, असं कुणी विचारलं की मी छाती फुगवून सांगतो, "मी!"

फक्त सांगण्याआधी एक बघून घेतो. मी गाडीच्या आत आणि तार ओढणारी ओफेलिया बाहेर, असं तर नाही ना!