अमेरिकेला दत्तक गेलेले काका

आपटेकाका पहिल्या भेटीत कुणाचं नाव विचारत नाहीत. गाव नाही, आडनाव नाही. विचारतात, "नागरिक, कार्डवाले, की पाहुणे?"

मला त्यांनी हे टोकियोत, आमच्या हिगाशी-कसाईच्या इमारतीखाली, कचरा ठेवायच्या जागेपाशी विचारलं. माझ्या एका हातात जळणारा कचरा, दुसऱ्या हातात बाटल्या. मी घाबरून म्हटलं, "मालवणची."

काकांनी मान हलवली. "म्हणजे पाहुण्या. सुटलात."

कशातून सुटले ते पुढे कळलं. माझे यजमान स्टेशनजवळच्या हॉटेलात स्वयंपाकी आहेत आणि मी चार घरी पोळ्या करते. त्यात आपट्यांचं घर लागलं. काका अठरा वर्षं अमेरिकेत पंपांच्या कारखान्यात इंजिनियर होते. काकू गेल्यावर ते इथे मुलाकडे, नितीनकडे आले. पण अमेरिकेचा कराचा फॉर्म अजून दरवर्षी भरतात, तोही शाईच्या पेनाने.

मी चौथी शिकलेली, म्हणून मला त्यांनी सोपं करून सांगितलं. अमेरिकेचा नागरिक म्हणजे त्या घरचा सख्खा मुलगा. ग्रीन कार्डवाला म्हणजे दत्तक, फॉर्मच्या भाषेत रहिवासी. हे दोघे जगात कुठेही राहोत, कुठेही कमावोत, सगळ्याची माहिती दरवर्षी घरी कळवायची. बाकीचे पाहुणे. त्यांनी त्या घरात जेवढं खाल्लं, म्हणजे तिथे कमावलं असेल, तेवढंच सांगायचं. "मी दत्तक," असं म्हणून काकांनी छाती जरा पुढे काढली.

चौथ्या मजल्यावरची सई आठ वर्षांची. वडील कामानिमित्त तिकडे असताना ती टेक्सासला जन्मली आणि रांगायच्या आत निघाली. म्हणजे जन्मानेच तिकडची नागरिक, म्हणून काका तिला अमेरिकनबाई म्हणतात. एकदा बागेत तिला समजावत होते, मोठी होऊन चंद्रावर नोकरी केलीस तरी फॉर्म अमेरिकेलाच भरायचा. सई झोक्यावरूनच म्हणाली, "इयादा." म्हणजे मुळीच नाही. धसका घेतला तो तिच्या आईने. दुसऱ्या दिवशी ती वही-पेन घेऊन काकांच्या दारात उभी.

रविवारी तर पार कावासाकी शहरातूनसुद्धा लोक विचारायला येतात. काका पैसे घेत नाहीत, मात्र कुणी काही लपवतोय असं वाटलं की चष्मा काढतात. "फॉर्मला सगळं खरं सांगावं. माणसांचं मग बघू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

नितीन या सगळ्याला कंटाळला होता. काकांच्या कार्डाची मुदत कधीच संपली आहे, तरी हे ओझं कशाला, असं तो म्हणायचा. काका म्हणायचे, मुदत संपली म्हणून दत्तकपण सुटत नाही. रीतसर कागद भरून कार्ड परत द्यावं लागतं, तोपर्यंत फॉर्म चुकत नाही. मग द्या ना परत, असं नितीन म्हणाला की काकांना ऐकू येईनासं व्हायचं.

त्यांची मुलगी मुग्धा अमेरिकेतच असते, लोकांचे असलेच फॉर्म भरून देण्याच्या ऑफिसात. तिने तिकडच्या मुलाशी लग्न केलं तेव्हा काका गेले नाहीत, काकू एकट्याच जाऊन आल्या. तेव्हापासून ती वडिलांशी बोलत नाही, असं नितीननेच मला सांगितलं. फॉर्मचं काही विचारलं तर मात्र उत्तर देते.

या एप्रिलमध्ये एका सकाळी नितीनने कार्ड परत करायचा कागद भरून टेबलावर ठेवला. फक्त सही बाकी होती. आजच्या आज करा, संध्याकाळी टपालात टाकतो, असं बजावून तो ऑफिसला गेला. काकांनी त्या कागदावर चहाचा कप ठेवला आणि मुग्धाला फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा असतो.

"बोला अप्पा," पलीकडून आलं.

"अगं, मी इथे जपानात राहतो. तर मी नागरिक लिहू की रहिवासी?"

माझं लाटणं थांबलं. हे तर त्यांनी मलासुद्धा शिकवलं होतं.

"रहिवासी, अप्पा. गेल्या वर्षीही सांगितलं होतं."

"हो का? विसरलो बघ."

मग पेन्शन कुठे लिहायची, काकू नाहीत तर कुठल्या चौकोनात खूण करायची, असं एकेक ते विचारत गेले. ती सांगत गेली. काका "हं, हं, लिहितो" म्हणत होते. हातात पेन नव्हतं. फॉर्म समोरच्या पाकिटात होता, पाकीट चिकटवलेलं, वर तिकिटंही लावलेली.

"झालं ना? ठेवू?" मुग्धाने विचारलं.

काकांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "एकच राहिलं. पत्त्यात मजला लिहायचा का गं?"

"लिहा. कितवा?"

"सहावा."

मग ती म्हणाली, "लिफ्ट आहे ना तिथे?"

हे फॉर्मात कुठे विचारत नसणार, एवढं मलाही कळलं. मी तव्याखालचा गॅस बंद केला.

"आहे," काका म्हणाले. पाकीट खाली ठेवून म्हणाले, "पण गुडघे बरे आहेत आता. चढता येतं."